मदत हवी आहे: सिंगापूर-पेनांग-फुकेत क्रूझ, सासूसासऱ्यांना घेऊन किनाऱ्यावरचा दिवस कसा काढावा?

छत्रीवाली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पाच जण सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझला निघतोय. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सासूसासरे. दुसऱ्या दिवशी मलेशियातलं पेनांग, दुपारी १ ते रात्री ९. तिसऱ्या दिवशी थायलंडमधलं फुकेत, सकाळी ९ ते संध्याकाळी ५. चौथा दिवस पाण्यातच, पाचव्या दिवशी सकाळी सिंगापूरला परत. जहाजावर काय करायचं याचे व्हिडिओ ढिगाने बघून झाले. माझा घोळ आहे तो उतरल्यावरचा.

सासरे ७४ वर्षांचे. मुंबईच्या गोदीत उभी हयात नोकरी केलेली. चालायला खणखणीत, पण कुणाच्या मागे झेंडा बघत चालणार नाहीत. सासूबाई ७०, दोन्ही गुडघे बोलतात. पक्क्या शाकाहारी, अंडंही नाही, आणि त्याच आठवड्यात एकादशी येतेय. लेकीला फक्त वाळू पाहिजे.

नवऱ्याने एक्सेलमध्ये यादी केली आहे. पेनांगला टेकडीवरची रेल्वे, केक लोक सी हे बौद्ध मंदिर, खू कोंगसी, भिंतींवरची चित्रं, च्यू जेटी, लिटल इंडिया आणि किल्ला. फुकेतला वाट चालोंग हे बौद्ध मंदिर, ओल्ड टाऊन, केप प्रोमथेप (भूशिर), पातोंगचा किनारा आणि मॉल. बारा ठिकाणं झाली. मी म्हटलं, लग्नाच्या पत्रिका वाटायला चाललोय का? तर म्हणे, परत कधी जाणार?

जहाजाच्या सहली घेतल्या तर पाच जणांचे मिळून आमच्या घरच्या दोन महिन्यांच्या किराण्याएवढे पैसे होतात. आपलं आपण फिरलो आणि जहाज सुटून गेलं तर? सासूबाईंना बसायला, स्वच्छतागृहाला, जेवायला कुठे सोपं पडेल? आणि त्या साडीच नेसतात, त्याने कुठे अडेल का? अनुभवी लोकांनी प्लीज सांगा.

डेक_सात

जहाजांवर हॉटेल विभागात नऊ वर्षं काढली आहेत, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

पहिली गोष्ट, १ ते ९ म्हणजे आठ तास नव्हेत. १ वाजता जहाज धक्क्याला टेकतं. मग दोर बांधायचे, शिडी लावायची, तिथल्या अधिकाऱ्यांनी कागद बघायचे, त्यानंतर उतरायला परवानगी. तेव्हा सगळे एकदम लिफ्टकडे धावतात. तुमचा पाय जमिनीला लागेपर्यंत पावणेदोन-दोन धरा. परत चढायची शेवटची वेळही ९ नसते. ती सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते, रोजच्या पत्रकात छापतात आणि शिडीपाशी पाटीवर लिहितात. त्या पाटीचा फोटो काढून ठेवा. त्याच पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, त्याचाही.

दुसरी गोष्ट, पेनांग आणि फुकेत ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, एकच नियम लावू नका. पेनांगला जहाज स्वेटनहॅम पिअरला लागतं आणि तो धक्का जॉर्जटाऊनच्या, म्हणजे पेनांगच्या मुख्य शहराच्या, पोटातच आहे. फाटकातून बाहेर पडलात की समोर व्हिक्टोरिया राणीचा घड्याळाचा मनोरा. साठ फूट उंच, १८९७ पर्यंतच्या राणीच्या राज्याच्या प्रत्येक वर्षाला एक फूट. तिथे जहाजाची सहल घ्यायची मला तरी गरज वाटत नाही. फसलात तर जहाज दिसत असतं, त्याच्या दिशेने चालत सुटायचं.

फुकेतला पातोंगच्या समोर जहाज पाण्यातच नांगर टाकतं आणि छोट्या बोटींनी, म्हणजे टेंडरने, किनाऱ्यावर नेतात. (मे ते ऑक्टोबर पश्चिमेचा समुद्र खवळलेला असतो, तेव्हा बरीच जहाजं पूर्वेच्या आओ माखामच्या धक्क्याला जातात. माखाम म्हणजे चिंच, आओ म्हणजे उपसागर. डिसेंबरात तुम्हाला बहुतेक पातोंगच.) टेंडरला नंबराच्या चिठ्ठ्या असतात. जहाजाच्या सहलीवाले आधी जातात, तुम्ही थिएटरमध्ये बसून नंबर पुकारायची वाट बघायची. परतीलाही रांग, तीही उन्हात.

सासूबाईंचे गुडघे टेंडरला आडवे येऊ शकतात. जहाजाच्या पोटातलं दार उघडून तिथून बोटीत पाय टाकायचा असतो. बोट वरखाली होत असते. दोन खलाशी दोन्ही बाजूंनी कोपराच्या खाली धरतात, बोट वर आली की 'नाऊ' म्हणतात, की पाऊल टाकायचं. घाबरून मधेच थांबणं हेच धोक्याचं. समुद्र जास्त हलत असेल तर व्हीलचेअरवाल्यांना नेतच नाहीत. त्या दिवशी सकाळी समुद्र बघून ठरवा, घरबसल्या ठरवू नका.

आणि जहाज सोडून जातं का? जातं. मी वरून पाहिलंय. पिशव्या घेऊन धावणारी जोडपी आणि डेकवर टाळ्या वाजवणारे लोक. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर थांबतात किंवा पुढची सोय तेच करतात. आपलं आपण गेलात तर नाही थांबत.

सिंगापुरी_चिवडा

इथे राहून बारा वर्षं झाली, पेनांगला चार-पाच वेळा तरी गेलोय, दोनदा क्रूझने. वरच्यांना अनुमोदन. मी फक्त पेनांगवर बोलतो.

टेकडीची रेल्वे कापा. गाडी छानच आहे, १९२३ पासून चालू आहे, वर गार वाराही लागतो. पण ती एअर इतामला, म्हणजे शहराबाहेर. जायला वाहतूक, तिकिटाला रांग, उतरायला रांग. त्यात ढग आले तर वरून कापूस दिसतो. केक लोक सी तिथून जवळ आहे, पण पायऱ्याच पायऱ्या. गुडघेवाल्या माणसाला तिथे नेणं म्हणजे छळ.

जॉर्जटाऊनचा जुना भाग २००८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. तुमच्या बोटीपासून तो सगळा हाताच्या अंतरावर आहे. फ्रान्सिस लाइटने १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीसाठी हे बेट घेतलं, त्याचा किल्ला घड्याळाला लागूनच. किल्ल्यात बघण्यासारखं फार नाही, लेकीला तोफा दाखवा आणि पुढे व्हा. तिथून लिटल इंडिया दहा-पंधरा मिनिटं. माटुंग्यात आल्यासारखं वाटेल. गजरे, पितळी समया, लाउडस्पीकरवर तमिळ गाणी. क्वीन स्ट्रीटवर महामारिअम्मनचं देऊळ आहे, १८३३ चं. पण ते दुपारी बंद असतं, तमिळ देवळांची वेळच तशी. तुम्ही दोनला उतरणार, म्हणजे देऊळ शेवटी ठेवा, संध्याकाळी उघडल्यावर.

दुपारी खू कोंगसी करा, ते ५ ला बंद होतं. एका चिनी कुळाचं सभागृह आहे, छपरावरचं कोरीवकाम बघत मान दुखते. चिनी देवदेवतांची सासूबाईंना अडचण नसेल असं धरतो. जवळच आर्मेनियन स्ट्रीट, तिथे भिंतीवर सायकलवरच्या दोन मुलांचं चित्र आहे. सायकल खरी, मुलं रंगवलेली. २०१२ मध्ये एका लिथुआनियन चित्रकाराने काढलं. फोटोला रांग असते, लेक हट्ट करेल.

च्यू जेटी सासऱ्यांसाठी. पाण्यावर खांब रोवून बांधलेली लाकडी घरं, सगळी एका आडनावाची. पूर्वी गोदीत हमाली करणाऱ्या आणि होड्या चालवणाऱ्या लोकांची वस्ती. गोदीतल्या माणसाला तिथे काय दिसेल ते आपल्याला दिसायचं नाही. फक्त लोक अजून राहतात, खिडक्यांतून डोकावू नका.

गाडीसाठी ग्रॅब अॅप भारतातूनच टाकून ठेवा. पाच जण आहात, सहा सीटची गाडी मागवा, चारवाला ड्रायव्हर पाचवं माणूस घेणार नाही.

वैतागलेला_प्रवासी

इतके पैसे घालून चार तास गाव बघायचं आणि परत डब्यात जाऊन बसायचं, यात काय मजा आहे कळत नाही. विमानाने पेनांगला जा, चार दिवस राहा. अर्थात ज्याची त्याची आवड.

छत्रीवाली

@वैतागलेला_प्रवासी, बरोबर आहे तुमचं. पण सासूबाईंना रोज बॅग भरायची नाही, जिना नको, जेवण वेळेवर हवं आणि खोलीपासून दोन मिनिटांवर हवं. असं दुसरं काय आहे सांगा, तिकडे जाते.

@डेक_सात, @सिंगापुरी_चिवडा, दादा, तुमच्यामुळे यादीतल्या दोन गोष्टी आजच गेल्या. नवरा रुसलाय. साडीचं मात्र कुणी बोललंच नाही.

गोडामसाला

साडीचं मी सांगते, माझ्या आईला घेऊन गेले होते. सहावारी चालते, पण टेंडरला तरी घोट्याच्या वर खोचलेली बरी. पदर पिनने पक्का. निऱ्यांवर पाय पडला की संपलं. चपलेला मागे पट्टा हवा, सपाता नकोत. आईने आयुष्यात पहिल्यांदा स्पोर्ट्स शूज घातले साडीखाली, आता भाजीला पण तेच घालते.

खाण्याचं नीट वाचा. मलेशियात 'भाजीचं आहे' म्हणून दिलेल्यातही बेलाचान असू शकतं. म्हणजे वाळवलेल्या जवळ्याची कुटून केलेली वडी. हिरव्या भाजीला परततानाही घालतात. वासाने कळतं, कोकणातल्या माणसाला तर लगेच. लिटल इंडियात 'सैवम' विचारा, म्हणजे तमिळमध्ये शाकाहारी. तिथे इडली-डोशाची शुद्ध शाकाहारी हॉटेलं आहेत, काळजी नाही.

थायलंडमध्ये माशाचं पाणी म्हणजे नाम प्ला सगळ्यात असतं. तिथे एक युक्ती आहे. पिवळ्या कापडावर लाल अक्षरात เจ असं लिहिलेली पताका शोधा. उच्चार 'जे'. त्यांच्याकडच्या व्रताचं जेवण, मांसमासे नाहीतच, वर कांदा-लसूणही नाही. मुलीला ते अक्षर कागदावर काढून द्या, ती शोधून काढेल.

एकादशीला पेनांगमध्येच असाल तर न्योन्या, म्हणजे तिथल्या चिनी-मलय पद्धतीच्या, हॉटेलात 'सागो गुला मेलाका' मिळतं का बघा. आपली साबुदाण्याची खीरच, नारळाच्या दुधात आणि माडाच्या गुळात. त्यांचा पारंपरिक साबुदाणा सागोच्या झाडाच्या खोडातला, आपला टॅपिओकाचा, एवढाच फरक. खरं तर मूळ साबुदाणा त्यांचाच. सासूबाईंना चालेल का हा प्रश्न मी त्यांच्यावर सोडते.

बंदरकिनारा

दोन कोरड्या गोष्टी. सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा आत येता येईल असा आहे ना, ते आत्ताच बघा. जहाजावर चढलात की तुम्ही देश सोडलात, पाचव्या दिवशी परत आत येणार आहात. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला, थायलंडनेही त्याच सुमारास सूट सुरू केली. पण हे नियम सारखे बदलतात, ऑनलाइन फॉर्मही असतात. तिन्ही देशांचं क्रूझ कंपनीला लेखी विचारा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

दुसरं, सासरे तंबाखू खातात का? राग मानू नका, गोदी म्हटलं म्हणून विचारलं. चघळायची तंबाखू, गुटखा सिंगापुरात न्यायलाच बंदी आहे. सिगारेटवर तर एकही माफ नाही, पहिल्या कांडीपासून कर.

डेक_सात

एक राहिलं, आणि ते महत्त्वाचं. वेळ. सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एकच, थायलंड एक तास मागे. काही जहाजं फुकेतलाही सिंगापूरचीच वेळ ठेवतात, काही बदलतात. पण तुमचा मोबाइल किनाऱ्याचं नेटवर्क पकडून आपोआप थाई वेळ दाखवणार. जहाजावर चार वाजलेले असतात आणि तुमच्या हातात तीन. साधं काट्याचं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि तेच बघा.

आणि जहाज सुटलं की मोबाइल विमान मोडवर. समुद्रात जहाजाचं स्वतःचं सॅटेलाइट नेटवर्क असतं, आपले रोमिंगचे साधे पॅक त्याला चालतीलच असं नाही. नुसतं व्हॉट्सअॅप मागे चालू राहिलं तरी बिल बघून चक्कर येते.

छत्रीवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. सासरे मिश्री लावतात! बंदरकिनारा, तुम्ही विचारलं नसतं तर डबी बॅगेत गेलीच असती. आता पाच दिवस पेस्ट. घरात युद्धाचं वातावरण आहे. व्हिसा एकापेक्षा जास्त वेळांचाच निघाला, हुश्श.

परत आले की लिहिते.

छत्रीवाली

आले परत, तीन आठवडे झाले. लिहायचं राहूनच जात होतं.

पेनांगला दोनला दहा मिनिटं असताना उतरलो. थेट खू कोंगसीला गाडीने गेलो. सासूबाई अंगणातल्या सावलीत बसल्या, आम्ही आत-बाहेर केलं. बाहेर आलो तर आभाळ फुटलं. नशिबाने तिथल्या जुन्या दुकानांपुढे ओळीने छपराचे पडवीसारखे रस्ते आहेत, काकी लिमा म्हणतात, म्हणजे पाच फूट. त्यात पाऊण तास उभे होतो. एका दुकानदाराने सासूबाईंना प्लास्टिकची खुर्ची आणून दिली, विकत काही घ्या म्हणाला नाही. (सायकलवाल्या मुलांचा फोटो त्या पावसात रांग नसल्यामुळे मिळाला. लेक भिजली.)

मग चेंडोल खाल्लं. किसलेल्या बर्फावर नारळाचं दूध, काळसर गुळाचा पाक, राजमा आणि हिरव्यागार शेवया. राजमा गोडात बघून सासरे थबकले, पण वाटी पुसून खाल्ली. शेवया तांदळाच्या पिठाच्या, पांदानच्या पानाने हिरव्या होतात. सासूबाईंची एकादशी दुसऱ्या दिवशी होती म्हणून निभावलं.

च्यू जेटीवर सासरे एका म्हाताऱ्या माणसाशेजारी फळीवर बसले. तो चिनी बोलत होता, हे मराठी. दोघं मिळून समोरच्या होडीच्या दोराची गाठ कशी चुकीची आहे ते एकमेकांना दाखवत होते. वीस मिनिटं! नवरा घड्याळ दाखवत होता, मी त्याला गप्प केलं. देवळात सातला पोचलो, आरती चालू होती. साडेआठ ही चढायची वेळ, आम्ही आठला जहाजावर होतो, अंगात पाणी आणि पोटात डोसा.

फुकेतला सकाळीच बोट हलताना दिसत होती. सासूबाईंनी खिडकीतून टेंडर पाहिलं आणि "मी नाही येणार, तुम्ही जा" म्हणाल्या. आम्हाला वाईट वाटलं, पण त्यांनाच सगळ्यात छान दिवस मिळाला बहुतेक. जहाज रिकामं, डेकवर सावलीतली खुर्ची, कुणी गोंगाट करणारं नाही. जहाजावर गुजराती स्वयंपाकी निघाला, त्याने उपासाची बटाट्याची भाजी करून दिली.

आम्ही चौघं गेलो. नंबर लागायला सव्वा तास गेला, म्हणून ओल्ड टाऊन सोडून दिलं, मधे डोंगर ओलांडून जावं लागतं. पातोंगलाच वाळूत बसलो. लेकीने เจ ची ती पिवळी पताका एका गल्लीत खरंच शोधली, तिथे तोफूची रस्सा-नूडल्स खाल्ली. सासरे बाहेरच्या लाल टुकटुकवाल्याशी भाव करत होते, जायचं कुठेच नव्हतं तरी.

आणि आता कबुली. डेक_सात, तुम्ही लिहिलेलं मी नवऱ्याला वाचून दाखवलं होतं, तरी हा मोबाइलच बघत होता. "अजून तास आहे, मॉलमध्ये एक चक्कर मारून येऊ." आमचं जहाज सिंगापूरच्याच वेळेवर होतं. लेकीच्या हातात मी काट्याचं घड्याळ बांधलं होतं, ती म्हणाली, बाबा, माझ्यात चार वाजून पाच मिनिटं झाली. शेवटचं टेंडर साडेचारला. वाळू भरलेल्या चपलांनी आम्ही जे पळालो, सासरे सगळ्यात पुढे. पोचलो, पण टेंडरमध्ये शेजारच्या बाई माझ्याकडे बघून हसत होत्या, त्यावरून माझा अवतार कळला.

सिंगापुरी_चिवडा

वा! बारापैकी किती झाली शेवटी?

छत्रीवाली

देऊळ धरून पाच, चेंडोल धरलं तर सहा. नवऱ्याने एक्सेलमध्ये उरलेली पिवळी करून ठेवली आहेत.

बरं, सासूबाई विचारतायत, त्या हिरव्या शेवया घरी करायच्या तर पांदानऐवजी काय वापरायचं? ते पान बासमतीसारखं वास येणारं होतं. कोकणात कुणाच्या परसात अंबेमोहोराच्या वासाची पानं असतात ना, भातात घालतात, ती चालतील का? पाककृतींच्या विभागात वेगळा धागा काढते, तिकडे या.